जुन्या धंद्यांची यादी काढताय? मग बंद पडलेल्यांचीही काढा



बॅच भोसरीची असो, चाकणची असो किंवा ऑनलाइन, पहिल्या तासाला एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, कायम टिकेल असा धंदा कोणता?" विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा वडिलांच्या पीएफचे पैसे असतात, नाहीतर गावाकडचं अर्धा एकर विकून आलेली रक्कम. चुकलं तर पुन्हा उभं राहायला दुसरी रक्कम नाही. त्यामुळे हा प्रश्न मी कधी हसण्यावारी नेत नाही.

अलीकडे पोरं हुशार झाली आहेत. "सर, अनुभव नको, डेटा दाखवा," असं थेट म्हणतात. चांगलंच आहे. म्हणून या वेळच्या व्हिडिओत आपण एसक्यूएलच्या साध्या क्वेरी बघितल्या. घाबरायचं काही नाही. ज्याने दुकानात रोजकीर्द आणि खतावणी लिहिली आहे, त्याला निम्मं एसक्यूएल येतंच. रोजकीर्दीत व्यवहार तारखेने लिहिलेले असतात. तेच नावानुसार खतावणीत ओढले की झालं 'ग्रुप बाय'. फक्त भोसरीच्या गिऱ्हाइकांची उधारी बघितली की झालं 'व्हेअर'. किती नावं आहेत ते मोजलं की 'काउंट'. क्वेरी लिहिणं सोपं आहे, प्रश्न कोणता विचारायचा हे अवघड. त्याबद्दलचं माझं मत व्हिडिओत घाईत सांगितलं होतं, ते इथे सविस्तर लिहितो.

एसक्यूएल शिकणाऱ्यांना सरावासाठी एक लाडका डेटा दिला जातो: प्रत्येक देशातला आजही चालू असलेला सर्वात जुना धंदा. जपानची मंदिरं बांधणारी कोंगो गुमी, साल ५७८. ऑस्ट्रियात साल्झबुर्गचं सेंट पीटर रेस्टॉरंट, साल ८०३. भारतासमोर वाडिया समूह, १७३६. वर्गवारीने मोजलं की बँका, मद्यनिर्मिती, टपाल खाती अशी नावं वर येतात. क्वेरी छान चालते, तक्ता छान दिसतो. मग हात वर होतो, "म्हणजे सर, बँकिंग किंवा हॉटेल लाइन सेफ?"

नाही रे बाबा. आधी त्या तक्त्यातली दोन नावं जरा उघडून बघा.

कोंगो गुमी चौदाशे वर्षं मंदिरं बांधत होती. जपानमध्ये जमिनीच्या किमती फुगल्या तेव्हा कंपनीने मालमत्तेत पैसे गुंतवले, फुगा फुटला, कर्ज अंगावर आलं, आणि २००६ मध्ये ताकामात्सु या दुसऱ्या बांधकाम कंपनीने ती ताब्यात घेतली. नाव चालू आहे, म्हणून तक्त्यात ५७८ हेच साल. घराण्याच्या हातातून मात्र धंदा गेला. वाडियांचं १७३६ हे साल जहाजबांधणीचं. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईत आले आणि जहाजं बांधू लागले. आज त्या समूहाचं नाव घेतलं की ब्रिटानिया बिस्किट आणि बॉम्बे डाइंग आठवतं. त्यांचीच विमान कंपनी गो फर्स्ट मे २०२३ मध्ये उडायची थांबली. आता सांगा, १७३६ पासून नेमकं काय टिकलं? धंदा, नाव, की घराणं? तक्त्यात रकाना एकच आहे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्या यादीत फक्त जगलेले आहेत. मेलेल्यांचा रकानाच नाही.

समजा, एका भागात तीस वर्षांपूर्वी १००० जणांनी चहा-वडापावच्या गाड्या टाकल्या आणि त्यातल्या ६० आज चालू आहेत. त्याच भागात त्याच वर्षी ४० जणांनी ग्राइंडिंगची छोटी वर्कशॉप टाकली आणि त्यातली १६ चालू आहेत. (आकडे समजावण्यापुरते आहेत, कुठल्या सर्व्हेतले नाहीत.) 'आज चालू असलेले तीस वर्षं जुने धंदे मोजा' ही क्वेरी मारलीत तर गाडी ६०, ग्राइंडिंग १६. गाडीवाला जिंकला! पण सुरू किती झाले होते हे खाली लिहिलं, की गाडीचे शंभरातले सहा टिकले आणि ग्राइंडिंगचे शंभरातले चाळीस. उत्तर पार उलटं झालं. डेटा तोच, क्वेरीत एक भागाकार वाढला.

यूट्यूबवरच्या यशस्वी उद्योजकांच्या मुलाखतींचंही हेच होतं. माझ्या चॅनलवरही अशा मुलाखती आहेत आणि त्या बघाव्यात. पण ९४० गाडीवाल्यांची मुलाखत कोणी घेत नाही, हे डोक्यात ठेवून बघाव्यात.

आता आपल्या पट्ट्यात येऊ

आपल्याकडे असा डेटा मिळतो का? मिळतो. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदलेल्या कंपन्यांची यादी सरकारच्या खुल्या डेटाच्या पोर्टलवर राज्यनिहाय फाइलमध्ये आहे. नाव, नोंदणीची तारीख, पत्ता, भांडवल, कामाचा प्रकार आणि आजची स्थिती: चालू, नोंद खोडलेली, विलीन झालेली वगैरे. बंद पडलेल्याही त्यात आहेत, हे महत्त्वाचं. शिवाय प्रत्येक कंपनीला २१ अक्षरांचा सीआयएन असतो. त्यात कंपनी शेअर बाजारात आहे की नाही, उद्योगाचा कोड, राज्याचा कोड, स्थापनेचं वर्ष आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक, सगळं एका ओळीत बसवलेलं. क्वेरी लिहिणाऱ्याच्या तोंडाला पाणीच सुटतं. सीआयएनमधलं वर्ष कापलं, वजाबाकी केली, वय तयार.

पण असं वय काढून बघा आणि आकुर्डीची बजाज ऑटो शोधा. सीआयएनमध्ये वर्ष निघतं २००७! ज्या कंपनीच्या स्कूटरवर आपल्या आईवडिलांचं लग्न ठरलं, ती डेटाच्या मते कालपरवाची. झालं असं की समूहाची विभागणी झाली तेव्हा २००७ मध्ये नोंदलेल्या एका नव्या कंपनीकडे वाहनांचा धंदा गेला आणि तिने बजाज ऑटो हे नाव घेतलं. जुनी, १९४५ ची कंपनी बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट झाली. एवढंच नाही, आजच्या बजाज ऑटोच्या सीआयएनमधला उद्योग कोड सुरू होतो ६५ ने, आणि ६५ म्हणजे वित्तव्यवहार. म्हणजे 'दुचाकी बनवणाऱ्या जुन्या कंपन्या' अशी क्वेरी मारली तर देशातल्या सर्वात मोठ्या नावांपैकी एक गळून पडतं, आणि 'फायनान्सवाल्या नव्या कंपन्या' शोधल्या तर तिथे सापडतं.

चिंचवडची थरमॅक्स घ्या. सीआयएन म्हणतो १९८०. बॉयलरचा धंदा मात्र १९६६ मध्ये वॉन्सन इंडिया या नावाने सुरू झालेला. किर्लोस्कर ब्रदर्सच्या सीआयएनमध्ये १९२०, पण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं ते १८८८ मध्ये. एका धंद्याच्या तीन-तीन जन्मतारखा असतात.

पत्त्याची गंमत तर विचारूच नका. पुण्याच्या निबंधकाकडच्या कंपन्यांच्या सीआयएनमध्ये 'पीएन' येतं, मुंबईच्या 'एमएच'. मग पिंपरी-चिंचवडच्या कंपन्या हव्यात म्हणून तुम्ही फक्त 'पीएन' गाळून घेतलं, तर चिंचवड एमआयडीसीत नोंदणीकृत पत्ता असलेल्या कायनेटिक इंजिनिअरिंग आणि गरवारे टेक्निकल फायबर्स सुटतात, कारण दोघींच्या सीआयएनमध्ये 'एमएच' आहे. आणि पत्त्यावर गाळलं तर ज्या टेल्कोमुळे अर्ध्या शहराच्या चुली पेटल्या, ती टाटा मोटर्स पिंपरीत दिसतच नाही. नोंदणीचा पत्ता मुंबईचा आहे.

बंद पडण्याच्या आकड्यातही असंच. २०१७ मध्ये मंत्रालयाने देशभरातल्या दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नोंद खोडली, कारण त्यांनी वर्षानुवर्षं हिशेबच भरले नव्हते. आलेखात ते वर्ष महामारी आल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात त्यातल्या कित्येक कंपन्या कधी चाललेल्याच नव्हत्या किंवा आधीच कधीतरी शांतपणे झोपलेल्या होत्या, सरकारने त्या वर्षी झाडू मारला एवढंच. उलट बाजूने, कागदावर 'चालू' असलेली कंपनी म्हणजे आत लेथ फिरतोय असं समजू नका. सीए वेळेवर फॉर्म भरत असेल तर कुलूप लावलेला गाळाही वर्षानुवर्षं 'चालू' राहू शकतो.

एक सापळा मला सर्वात जास्त खटकतो. समजा तुम्हाला त्याच फाइलची काही वर्षांपूर्वीची आवृत्ती मिळाली. मग करायचं काय, तर जुनी यादी डावीकडे, नवी उजवीकडे, आणि 'लेफ्ट जॉइन'. लग्नाच्या आमंत्रणाची यादी आणि आहेराची वही शेजारी ठेवून कोण आलं नाही ते बघतो ना, तसंच. डावीकडे नाव आहे आणि उजवीकडे रिकामं, तो गेला. पद्धत बरोबर आहे. पण जोडताना अख्खा सीआयएन वापरला तर घोळ होतो. कंपनी प्रायव्हेटची पब्लिक झाली की सीआयएन बदलतो, शेअर बाजारात गेली की बदलतो, दुसऱ्या राज्यात पत्ता हलवला की बदलतो. म्हणजे जी कंपनी एवढी वाढली की बाजारात गेली, ती तुमच्या क्वेरीत मेलेली! म्हणून वर्ष आणि शेवटचे सहा आकडे यावर जोडा, आणि जे रिकामे उरतील ते नावानिशी डोळ्यांनी तपासा. कंटाळवाणं काम आहे. पण निष्कर्षाचा जीव तिथेच असतो.

पण आपण कुठे आहोत या यादीत?

खरी अडचण वेगळीच आहे. तुम्ही-आम्ही या यादीत नाहीच. टेल्को रोडच्या दोन्ही बाजूंना, भोसरीत, तळवड्यात, लांडेवाडीत एक-दोन मशिनवर जॉबवर्क करणारा माणूस बहुतेक प्रोप्रायटर असतो, फार तर भागीदारी. त्याची कंपनी मंत्रालयात नोंदच नाही. त्याची नोंद उद्यमवर. आणि उद्यम सुरू झालं १ जुलै २०२० ला. त्याआधी उद्योग आधार, त्याआधी जिल्हा उद्योग केंद्रातली नोंदणी. वडिलांनी १९७८ ला टाकलेलं वर्कशॉप उद्यमच्या नोंदणी तारखेने बघितलं तर जेमतेम काही वर्षांचं पोर. फॉर्ममध्ये उत्पादन सुरू झाल्याची तारीख वेगळी विचारतात. पण तिथे एजंटने काय भरलंय हे किती जणांनी बघितलंय? आज घरी गेल्यावर स्वतःचं सर्टिफिकेट काढून बघा, हा लेख त्यापुरता उपयोगी पडला तरी पुष्कळ.

जीएसटीचंही तेच. १ जुलै २०१७ च्या आधीचा तुमचा इतिहास त्या नंबरात नाही. आणि वडील गेले, मुलाने नवा नंबर घेतला, की डेटाच्या भाषेत एक धंदा बंद आणि एक नवा सुरू. गल्लीतल्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, अहो तेच दुकान आहे, तोच लेथ आहे, फक्त खुर्चीवर पोरगा बसतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: 'कुठला धंदा टिकतो' हे सरकारी फाइलमधून छोट्या उद्योजकाला कळणार नाही. तिथे क्वेरी शिका, हात साफ करा. पैसे लावायचा निर्णय मात्र स्वतः गोळा केलेल्या तक्त्यावर घ्या.

काय गोळा करायचं? इथे आपल्या पट्ट्याचा इतिहास मदतीला येतो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज, आणि त्यांच्या मागे हजारो छोटे पुरवठादार. चाकणची गोष्ट पुढची: बजाजचा कारखाना १९९९ चा, फोक्सवॅगन २००९, महिंद्रा २०१०. (म्हणून चाकणमध्ये पन्नास वर्षांची ऑटो कंपनी सापडली नाही तर चाकणच्या पाण्यात दोष काढू नका. पिंपरी आणि चाकणची तुलना करायचीच असेल तर प्रत्येक धंद्याची पहिली दहा वर्षंच घ्या, आणि ज्याला अजून दहा वर्षं झालीच नाहीत त्याला मोजणीतून बाहेर ठेवा.)

आता बघा, २००७ मध्ये बजाजने आकुर्डीत गाड्या बनवणं थांबवलं. कंपनी बुडाली नव्हती, उत्पादन दुसऱ्या कारखान्यांत गेलं. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला, २०१७ ला कंपनीने भारतात गाड्या विकणं बंद केलं, निर्यातीसाठी काही वर्षं कारखाना चालवला आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबलं. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. कारखान्याला नवा मालक मिळाला. पण ज्या छोट्या पुरवठादाराची ऐंशी टक्के बिलं एकाच गेटमधून जात असतील, त्याने दरम्यानच्या काळात बँकेचा हप्ता कशातून भरायचा? तो वाईट उद्योजक असेलच असं नाही. त्याचे पार्ट मायक्रॉनमध्ये बरोबर असतील. म्हणून माझ्या तक्त्यात 'कामाचा प्रकार' याच्या आधी रकाना येतो, 'सर्वात मोठ्या गिऱ्हाइकाचा वाटा किती'.

दुसरा रकाना: जागा कोणाची. एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या लीजवर असतो. भाड्याचा गाळा अकरा महिन्यांच्या करारावर. आणि काही जागांना कागदच नसतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखलीत महापालिकेने अनधिकृत ठरवलेली गोदामं, पत्राशेड आणि वर्कशॉप मोठ्या प्रमाणावर पाडली. कारवाई योग्य की अयोग्य यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, तो आजचा विषय नाही. पण तिथल्या धंद्यांना 'प्रकार: भंगार' किंवा 'प्रकार: फॅब्रिकेशन' असं लिहून 'बंद' अशी नोंद केली, तर तुम्ही फॅब्रिकेशनलाच अपराधी ठरवाल. कारण जागेच्या रकान्यात आहे आणि तो रकाना तुम्ही ठेवलाच नाही.

तिसरा: पैसे किती दिवसांनी येतात. कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असं आहे. तुमच्या लाइनमध्ये प्रत्यक्षात काय होतं ते चार जणांना विचारा आणि लिहा.

चौथा रकाना मला फार आवडतो: 'सुरुवातीला काय बनवत होता, आज काय बनवतो'. किर्लोस्करांनी सायकली विकल्या, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले, मग पंप, इंजिनं. आकुर्डीची फोर्स मोटर्स १९५८ ला बजाज टेम्पो म्हणून तीनचाकी टेम्पोपासून सुरू झाली, मॅटाडोर केली, ट्रॅक्स केली, आणि आज तीच कंपनी मर्सिडीजच्या भारतात बनणाऱ्या गाड्यांसाठी इंजिनं जोडते. कायनेटिकने लुना घराघरात पोचवली, २००८ मध्ये समूहाने दुचाकीचा धंदा महिंद्राला दिला आणि कायनेटिक इंजिनिअरिंग वाहनांचे सुटे भाग बनवत राहिली. मोठ्यांकडे बदलायला भांडवल असतं, हे मान्य. पण लेथवाल्यानेही व्हीएमसी घेतलेली असते, कोणी ऑटोचं काम कमी करून फार्माच्या मशिनरीचे पार्ट घेतलेले असतात. हा रकाना रिकामा ठेवला तर 'पंचवीस वर्षं टिकलेला टर्निंगवाला' असं दिसेल आणि तुम्ही टर्निंग सुरू कराल. त्याने मात्र टर्निंग कधीच सोडलेलं असेल.

हा तक्ता बनवायला सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेलमध्ये सुरू करा, शंभर ओळींच्या पुढे गेलात की डेटाबेसमध्ये टाका. एखादी गल्ली किंवा एक सेक्टर धरा आणि तिथले दहा वर्षांपूर्वीचे सगळे गाळे लिहून काढा. 'सगळे' हा शब्द महत्त्वाचा, आजचे बोर्ड बघून लिहायचं नाही. दहा वर्षांपूर्वी कोण होतं हे कोण सांगेल? टूल्सचं दुकान, ट्रान्सपोर्टवाला, चहावाला, वेल्डिंग गॅसचे सिलिंडर देणारा, आणि वजनकाट्यावाला. यांच्या उधारीच्या वह्यांत बंद पडलेल्यांची नावं सापडतात, कधी कधी बाकीसकट!

मग त्यातल्या तीन-चार बंद झालेल्यांना प्रत्यक्ष भेटा. हे अवघड आहे, मी मान्य करतो. माणूस दुखावलेला असतो, कोणाला हिशेब द्यायची त्याला इच्छा नसते. 'तुमचं का बुडालं' असं विचारू नका. "दादा, मी याच लाइनमध्ये उतरतोय, मशीन घ्यायच्या आधी तुम्हाला विचारायला आलो," असं म्हणा. बहुतेक जण बसवून चहा पाजतात. आणि एक गोष्ट आवर्जून विचारा: शेवटचे सहा महिने चालू असताना कुठला आकडा बघायला हवा होता? त्याने जो आकडा सांगितला, तो तुमच्या तक्त्यातला पाचवा रकाना.

ज्यांचा तक्ता तीस ओळींच्या पुढे गेला असेल त्यांनी पुढच्या रविवारच्या लाइव्हला फाइल घेऊन बसा. नावं काढून टाका, गाळा क्रमांकही काढा, फक्त रकाने ठेवा. 'लेफ्ट जॉइन' आपण तुमच्याच डेटावर लावू.